लाउंजच्या दाराशी

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. पहाटे तिकडे उतरलं की पुढची विमानं गाठता येतात. शिवाय फ्रँकफर्टसारख्या विमानतळावर २०११पासून रात्री अकरा ते पहाटे पाच विमानांची ये-जा बंदच असते. त्यामुळे सहारच्या टर्मिनल टूमध्ये लाउंजची खरी वेळ रात्री दहानंतरची. दिवसभराचं ऑफिस, हायवेवरचा ट्रॅफिक, चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी आणि मग दोन-अडीच तास नुसतं बसायचं. ते बसणं कसं झालं यावर दुसरा अख्खा दिवस ठरतो. सकाळी उतरून थेट मीटिंगला जायचं असेल तर निघण्याआधीच जेवून घ्यावं आणि विमानात सलग झोपावं, हे कामासाठी वारंवार फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बिझनेस क्लासच्या तिकिटात लाउंज धरलेलं असतं ते याचसाठी.

गंमत म्हणजे हे लाउंज बहुतेक वेळा त्या एअरलाइनचं नसतंच. पूर्वी ते असायचं. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘ॲडमिरल्स क्लब’ काढला, तो निमंत्रितांपुरता होता. पुढची कित्येक दशकं लाउंज म्हणजे एअरलाइनने आपल्या मानाच्या गिऱ्हाइकांची ठेवलेली बडदास्त, असंच गणित होतं. ते बदललं नव्वदच्या दशकात. १९९२मध्ये ‘प्रायॉरिटी पास’ सुरू झाला आणि कुठल्याही वर्गाचं तिकीट असलं तरी वर्गणी भरून निरनिराळ्या लाउंजमध्ये जाता येऊ लागलं. १९९८मध्ये साँग होई-सी या माजी बँकरने हाँगकाँगमध्ये ‘प्लाझा प्रीमियम’ काढली. बँकेत असताना तो बिझनेस क्लासने फिरायचा. नोकरी सोडून स्वतःचा धंदा करायला लागल्यावर इकॉनॉमीत बसावं लागलं, आणि उड्डाणाआधी टेकायला, काम करायला जागा नाही हे त्याला खुपलं. एअरलाइनशी संबंध नसलेलं, पैसे भरणाऱ्या कुणालाही घेणारं लाउंज त्यातून उभं राहिलं. ही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची घटना वाटते. थकवा काही तिकिटाचा वर्ग बघून येत नाही.

मुंबईत हे अगदी जवळून पाहता आलं ते २०१४पासून, टर्मिनल टू सुरू झाल्यावर. तिथलं मोठं आंतरराष्ट्रीय लाउंज, तेव्हाचं जीव्हीके लाउंज, सामाईक होतं. निरनिराळ्या परदेशी एअरलाइन्सचे बिझनेस क्लासचे प्रवासी एकाच दारातून आत जायचे. यामागचा हिशेब साधा आहे. ज्या कंपनीचं मुंबईहून दिवसाला एखादं-दुसरं विमान सुटतं तिने स्वतःचं लाउंज थाटलं, तर ते दिवसाचे बहुतेक तास रिकामं पडणार. त्यापेक्षा चालवणारा वेगळा ठेवायचा आणि माणशी पैसे द्यायचे. चेक-इनच्या काउंटरवर बोर्डिंग पासबरोबर एक चिठ्ठी मिळायची, ती लाउंजच्या दाराशी काढून घेत आणि तिच्यावर एअरलाइनला बिल लागे. आत गेल्यावर मात्र कोण कुठल्या कंपनीचा, हे कुणाला कळायचं नाही. लंडनचा, झ्युरिकचा आणि सिंगापूरचा प्रवासी एकाच तव्यावरच्या डोशासाठी ताटली धरून उभे. त्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे शांतता होती, आरामखुर्चीत पाय पसरता यायचे, अंघोळ करून कपडे बदलून विमानात चढता यायचं. विमानातल्या जेवणापेक्षा तिथला गरम वरण-भात मला कायम सरस वाटला.

देशांतर्गत लाउंजची गोष्ट वेगळी झाली. तिथे दार उघडलं ते कार्डाने. बँकांनी क्रेडिट कार्डं खपवण्यासाठी लाउंज फुकट देऊ केलं, मग डेबिट कार्डांवरही ते आलं. काउंटरवर कार्ड स्वाइप करायचं, दोन रुपये कापले जायचे, मशीनमधून पावती बाहेर यायची, की आत. बाकीचे पैसे बँक किंवा कार्ड नेटवर्क भरत असे, आणि बँका व लाउंज यांच्या मधे दुवा म्हणून काम करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या.

याच काळातलं एक जोडपं माझ्या चांगलं लक्षात आहे. पुण्याहून दिल्लीला, तिथून पुढे अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेलं. मुलाने बाबांच्या हातात कार्ड देऊन ठेवलं होतं. काका खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. काकूंनी उपम्याची बशी घेण्याआधी वाढणाऱ्या मुलाला हळूच विचारलं, “याचे पैसे वेगळे द्यावे लागतील का हो?” तो म्हणाला, “नाही काकू, पोटभर खा. चहा टेबलावर आणून देतो.” त्यानंतर काका मागे टेकून बसले. पुढे वीस-बावीस तासांचा प्रवास होता त्यांचा. लाउंजचा खरा उपयोग कुणाला, असं कुणी विचारलं तर मी या दोघांकडे बोट दाखवेन.

करोनानंतर प्रवास पुन्हा सुरू झाला आणि गर्दी हाताबाहेर गेली. लाउंजच्या दाराबाहेर रांगा लागायला लागल्या. आत खुर्ची मिळेना, बशा संपायच्या. बिझनेस क्लासचं तिकीट काढलेल्यांनाही ‘थोडं थांबा’ ऐकावं लागे. मग बँकांनी हात आखडता घेतला. २०२३-२४पासून मागच्या तिमाहीत कुठे पस्तीस हजार, कुठे पन्नास हजार, कुठे लाखभर खर्च केला असेल तरच प्रवेश, अशा अटी आल्या. मधल्या कंपन्यांचंही बिनसलं. ‘ड्रीमफोक्स’ ही त्यातली सगळ्यात मोठी. २०२२मध्ये तिचे शेअर बाजारात आले तेव्हा भारतातल्या कार्डांवरून देशांतर्गत लाउंजमध्ये होणारा जवळपास सगळा प्रवेश तिच्यामार्फत होत होता. सप्टेंबर २०२४मध्ये तिची सेवा अनेक विमानतळांवर अचानक खंडित झाली आणि कार्डवाले दारातून परत फिरले. वर्षभराने, सप्टेंबर २०२५मध्ये, तिची देशांतर्गत लाउंजची सेवाच थांबली. विमानतळ आणि लाउंज चालवणारे आता बँकांशी थेट करार करू लागले आहेत.

नेहमी फिरणाऱ्यांमध्ये एक तक्रार सर्रास ऐकू येते: लाउंजचं दादर स्टेशन झालंय, दोन रुपयांत येणाऱ्यांनी वाट लावली. मला हे मुळीच पटत नाही. कार्डावर आत आलेला माणूस बँकेने दिलेल्या शब्दावर आलेला असतो. शंभर खुर्च्यांच्या जागेसाठी किती जणांना शब्द द्यायचा, हे त्याने ठरवलेलं नसतं. ते ठरवलं बँकांनी, मधल्या कंपन्यांनी आणि लाउंजवाल्यांनी, आणि माणशी पैसे मिळत असल्यामुळे नको म्हणायची कुणालाच गरज वाटली नाही.

एअरलाइनही यातून सुटत नाही. लाउंज दुसऱ्याचं आहे, आम्ही काय करणार, असं तिचा माणूस गेटवर सांगतो तेव्हा मला राग येतो. तिकिटाचे पैसे तिने घेतलेले असतात. जागा भाड्याने घेतली म्हणून जबाबदारी भाड्याने देता येत नाही. बिझनेस क्लाससाठी ठरावीक खुर्च्या राखून ठेवणं आणि लाउंज भरलं असेल तर बाहेरच्या उपाहारगृहात जेवणाची सोय करणं, एवढं कराराच्या कागदावर आणणं कठीण नाही.

डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तिथले लाउंजचे करार अजून ताजे आहेत. एका वेळी किती जणांना घ्यायचं याचा आकडा त्यात बांधून घ्यावा, तो दाराबाहेर लावावा, आणि रांग लागलीच तर म्हाताऱ्या माणसांना आधी आत सोडावं, मग हातात बिझनेस क्लासची चिठ्ठी असो की मुलाने दिलेलं कार्ड.