पाऊस चांगला झाला, म्हणजे नेमकं काय?

दसऱ्याच्या सुमारास बिदर-कलबुर्गी भागात, भालकी-आळंदकडच्या पारावर हिशेब सुरू होतो: यंदा पाऊस कसा झाला? हवामान खातं १ जून ते ३० सप्टेंबरचे मिलिमीटर मोजतं. जिल्ह्याची बेरीज दीर्घकालीन सरासरीच्या १९ टक्के खाली-वर असली, तरी शेरा ‘सामान्य’. मग त्याच जिल्ह्यातला शेतकरी कपाळाला हात का लावतो?

कारण बेरजेत तारखा दिसत नाहीत.

काळ्या जमिनीचं तान्ह्या बाळासारखं असतं. घोटघोट पाजलं तर पोटात जातं, एकदम ओतलं तर ओघळतं. भिजलेली चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पुढची सर वरच्या वर ओढ्याला मिळते.

पिकागणिकही हिशेब बदलतो. तुरीची मुळं खोल जातात, म्हणून ती पावसाचा खंड सोसते; मूग-उडदाला तो जड जातो. मात्र पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि हीच चिवट तूर पिवळी पडते.

जमीन बदलली की हिशेबही बदलतो. बिदर शहराखाली काळी माती नाही, सच्छिद्र जांभा आहे. त्यातून पाणी झिरपत खालच्या कठीण थरावर साठतं. शहराजवळच्या नौबादचा बहमनीकालीन करेज, म्हणजे भुयारी पाणीमार्ग, याच साठ्यावर चालायचा. इथला मोसम कसा गेला, हे कळायला उन्हाळ्यात विहिरीत डोकावावं लागतं.