गिटारच्या अँप्लिफायरांतील नळ्यांची अदलाबदल

विजेच्या गिटारची तार छेडली असतां तिच्याखालील लोहचुंबकाभोंवतीच्या वेटोळ्यांत जी वीज उत्पन्न होते ती इतकी क्षीण असते कीं, तिनें कर्णा हालत नाहीं. तिला बळ देण्याचें काम अँप्लिफायर करतो. आणि आजच्या ट्रान्झिस्टरच्या काळांतहि अनेक वादक त्यासाठीं कांचेच्या निर्वात नळ्याच पसंत करतात. त्यांपैकीं कर्ण्यास प्रत्यक्ष शक्ति पुरविणाऱ्या मोठ्या नळ्या बदलून दुसऱ्या जातीच्या बसविल्या तर आवाजाचा रंग पालटतो, हें ऐकून हौशी मंडळींस मोह होतो. मोह वाईट नव्हे. पण या पेटींत बहुधा ४०० व्होल्टांच्या आसपास दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरहि आंतील कंडेन्सर तो कांहीं काळ धरून ठेवतात. अजाण हात आंत गेला तर प्राणाशींच गांठ आहे, हें आधीं सांगून मग पुढें जातों.

लंडनच्या हॅनवेल भागांत जिम मार्शल यांचें वाद्यांचें दुकान होतें. तेथें १९६२ सालीं जो पहिला अँप्लिफायर तयार झाला तो अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या बासमन नामक यंत्राबरहुकूम होता, व त्यांत ६एल६ कुळांतील ५८८१ या नळ्या होत्या. पुढें त्या जागीं विलायती केटी६६ आल्या, आणि १९६७ च्या सुमारास ईएल३४ स्थिरावल्या. ६एल६ चा आवाज स्वच्छ व खर्जांत भरीव, तर ईएल३४ चा मधल्या सुरांत धारदार, असें वादक सांगतात.

आतां गंमत अशी कीं, या तिन्ही नळ्या आठ खुंट्यांच्या एकाच खोबणींत बसतात. पण किल्ली कुलपांत शिरली म्हणजे कुलूप उघडलेंच असें नाहीं. ईएल३४ मधील तिसरी जाळी पहिल्या खुंटीस जोडलेली असते, व ती आठव्या खुंटीवरील कॅथोडास जोडणें अवश्य असतें. ६एल६ मध्यें पहिली खुंटी बहुधा रिकामी. म्हणून कांहीं फेंडर यंत्रांत खोबणीचें तें टोंक दुसऱ्याच तारेस आधार देण्यासाठीं वापरलेलें असतें. ती जोडणी आधीं हलवावी लागते.

दुसरी अडचण तापणाऱ्या तारेची. ६.३ व्होल्टांवर ६एल६ ला ०.९ अँपिअर लागतो, ईएल३४ ला १.५. चार नळ्यांचें यंत्र असेल तर ३.६ च्या जागीं ६ अँपिअर झाले! ट्रान्सफॉर्मर तेवढा भार सोसणारा नसेल तर तो तापत तापत अखेर जळतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऋण दाबाची. पाटाचें दार जितकें खालीं करावें तितकें पाणी कमी वाहतें. त्याप्रमाणें जाळीवर ऋण दाब जितका अधिक, तितका नळींतील प्रवाह कमी. ईएल३४ साठीं लावलेलें दार ६एल६ ला सामान्यतः फार उघडें पडतें. आम्हीं स्वतः एकदां उतावळेपणानें, मोजमाप न करतां अशी अदलाबदल केली, आणि थोड्याच वेळांत नळींतील पत्रा लालबुंद झालेला पाहून घाईघाईनें बटण बंद केलें. हिशेब कांहीं कठीण नव्हता. ६एल६ च्या जीसी या प्रकाराची सहनशक्ति ३० वॅट. वाद्य स्वस्थ असतांना तिच्या शेंकडा ७० पर्यंत, म्हणजे २१ वॅट, खर्च व्हावेत अशी कारागिरांची रीत आहे. दाब ४५० व्होल्ट धरल्यास २१ भागिले ४५०, म्हणजे सुमारें ४६ मिलिअँपिअर. ईएल३४ ची सहनशक्ति २५ वॅट. तिला त्याच रीतीनें सुमारें ३८. कॅथोडाच्या वाटेंत १ ओहमचा रोध घातलेला असला कीं त्यावरील प्रत्येक मिलिव्होल्ट एक मिलिअँपिअर दाखवितो.

६व्ही६ हीहि त्याच खोबणींत बसते, परंतु ती १२ ते १४ वॅटांचीच. ४५० व्होल्टांपुढें तिला उभी करणें म्हणजे तट्टास हत्तीचें ओझें. ईएल८४ तर नऊ खुंट्यांची, तिचा प्रश्नच नाहीं. शिवाय कर्ण्याकडील ट्रान्सफॉर्मर नव्या नळीस मानवतो कीं नाहीं हेंहि पाहावें लागतें. नळ्या घेतांना सारख्या प्रवाहाच्या जोडीनेंच घ्याव्या, आणि ऋण दाब जुळविण्याचें काम, ज्यास मोजण्याचें यंत्र वापरतां येतें अशा जाणत्या कारागिराकडेच सोंपवावें.