मसल मोटारगाडीचा प्रारंभिक प्रवेग
मध्यम आकाराच्या गाडीत मोठे, आठ सिलिंडरांचे एंजिन बसवून अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात तयार झालेल्या वेगवान गाड्यांना मसल मोटारगाड्या म्हणतात. पाँटिॲक जीटीओ (१९६४, ६.४ लि. एंजिन) ही त्यांपैकी प्रसिद्ध गाडी होय. उभी गाडी सुटताना मिळणाऱ्या प्रवेगावर एंजिनाच्या शक्तीपेक्षा मागील चालक चाकांच्या पकडीची मर्यादा पडते. एंजिन पुढे असल्याने या चाकांवर एकूण भाराचा निम्म्याहून कमी भाग येतो. तो ४५% व घर्षण गुणांक ०.८ असल्यास प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. ०.३६ पट मिळतो. सुटताना काही भार मागे सरकल्याने ही मर्यादा थोडी वाढते. तिच्यापलीकडे परिबल (पीळ) वाढविल्यास चाके जागीच फिरतात.

म्हणून सुधारणेचा आरंभ मऊ रबराच्या टायरांपासून करतात. साध्या विभेदी दंतचक्रमालेत एक चाक घसरताच दुसऱ्याचेही परिबल घटते. मर्यादित घसरणीच्या रचनेने हा दोष कमी होतो. पट्टी स्प्रिंगा पिळवटल्याने मागील आस उसळतो. तो आवरण्यासाठी शेव्हरोले कॅमॅरोच्या १९६८ च्या नमुन्यात एक धक्काशोषक आसापुढे व दुसरा आसामागे बसविला होता.

पकड साधल्यावर मागील आसाचे दंतचक्र गुणोत्तर ३.०८ ऐवजी ३.७३ केल्यास चाकांवरील प्रेरणा सु. २१% वाढते. मात्र त्याच वेगाला एंजिनाचे फेरेही तितकेच वाढतात व इंधन अधिक लागते. मूळ ड्रम ब्रेक वारंवार वापराने तापून दुबळे होत असल्याने प्रवेगाबरोबर ब्रेकही सुधारणे आवश्यक असते.