सांदणची उतरंड

रतनगडाच्या परिसरात पडणारा पाऊस दोन दिशांना जातो. पूर्वेकडचा प्रवरेतून १९२६मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात थबकतो, पुढे कायगाव-टोक्याजवळ गोदावरीत मिसळतो आणि जायकवाडीतून छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येतो (म्हणजे येतो तेव्हा!). पश्चिमेकडचा कडे उतरून थेट कोकण गाठतो. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ याच पश्चिमेच्या पाण्याने वाट काढलेली अरुंद घळ म्हणजे सांदण दरी.

हिवाळा लागला की संभाजीनगरचे ट्रेकर शुक्रवारी रात्री बसमध्ये सॅका कोंबतात. वैजापूर, कोपरगाव, संगमनेर, अकोले, राजूर करत पहाटे साम्रद. पोहे, चहा, हजेरी.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून हा बेसाल्ट तयार झाला. त्याला भेग पडली, पाण्याने ती रुंदावली. वेरूळचं कैलास लेणंही याच दगडात, तेही वरून खाली खोदलेलं. तिथे छिन्नी होती, इथे पाऊस. भूगोल एवढाच पुरे, कारण खरी मजा दोरावर आहे.

सुरुवातीच्या डोहांत ऋतुमानाप्रमाणे गुडघ्यापासून कमरेपर्यंत पाणी लागतं. सॅक डोक्यावर घेऊन ते पार केलं की दोन्ही बाजूंना काही ठिकाणी २०० फुटांहून उंच भिंती आणि पायाखाली ढकलून दिल्यासारखे धोंडे. मग जमीनच संपते, आणि रॅपलिंगचा पहिला टप्पा येतो.

हार्नेस, कॅराबिनर, डिसेंडर सगळं तपासून झालं तरी नवखा माणूस कातळाला मिठी मारतो. नेमकं तेच चुकतं. पाय भिंतीवर रोवून, अंग मागे झोकून दोरावर बसायचं असतं. उभं राहू पाहणाऱ्याचे पाय सटकतात आणि गुडघे फुटतात. "काका, मागं झुका, बसा दोरावर, मी धरलंय," असं वरून सांगणारा साम्रदचा पोरगा बिलेचा, म्हणजे सुरक्षेचा, दुसरा दोर हातात घेऊन असतो. गटाचा म्होरक्या शहरातला असला तरी ट्रेक खरा चालतो तो या पोरांच्या जिवावर.

शेवटच्या माणसासाठी युक्ती वेगळी. दोर अँकरच्या कडीतून मधोमध ओवतात, दोन्ही टोकं खाली सोडतात, तो दुहेरी दोरावरून उतरतो आणि मग एक टोक ओढून अख्खा दोर खाली घेतात. दोर सळसळत पायाशी पडला की आल्या वाटेने परतणं बंद. म्हणूनच गट फार मोठा नको. माणशी सहा मिनिटं धरली तरी ३० जणांना एका दोरावर तीन तास लागतात. पुढचे थंडीत कुडकुडतात, मागचे उन्हाआधीच कंटाळतात. प्रस्तुत लेखकाच्या मते १५ जण म्हणजे डोक्यावरून पाणी.

चीनच्या युन्नान प्रांतात टायगर लीपिंग गॉर्जचा असाच दोन दिवसांचा ट्रेक आहे. खाली जिन्शा नदी, म्हणजे यांगत्सेचाच वरचा प्रवाह. एका अंगाला ५,५९६ मीटर उंचीचा जेड ड्रॅगन पर्वत, दुसऱ्या अंगाला हाबा. तिथे पायवाट डोंगराच्या कुशीतून जाते आणि नदी दूर खाली गर्जते. सांदणमध्ये मात्र माणूस ओढ्याच्या पात्रातूनच चालतो. त्यामुळे पावसाळ्यात इथे उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. वर कुठे सर कोसळली, तर घळीतल्याला पळायला बाजूच नसते.

पहिल्या दिवशी टप्पे उतरून पाण्याच्या आसपास मुक्काम पडतो. चुलीवर खिचडी शिजते, ओले मोजे काठ्यांवर टांगले जातात आणि दोरावर कोण किती वेळ लटकला याचे हिशेब रंगतात.

दुसऱ्या दिवशी वाटा फुटतात. मुंबईचे गट जंगलातून शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला उतरून आसनगाव स्टेशन गाठतात. संभाजीनगरकरांना ती चैन नाही. त्यांची बस वर साम्रदलाच उभी असते. बाण सुळका नजरेसमोर ठेवत, आदल्या दिवशी दोराने उतरलेली सगळी उंची करोली घाटाने चढून फेडावी लागते, तीही सोमवारी ऑफिस गाठायच्या बेताने.