पाहुणे किती, हे आधी गावाने ठरवावे

राबातील रोपे उपटून खाचरांत लावणी सुरू होते, नेमक्या त्याच दिवसांत मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून शहरातील मंडळी डोंगर व ओहोळ पाहावयास निघतात. डहाणू तालुक्यातील रानशेत व आसपासच्या गावांतील शेतकरी बंधूंनी या गोष्टीचा विचार आधीच करून ठेवणे इष्ट होय. पाहुण्यामुळे घरात चार पैसे येतात हे खरे. परंतु त्याची मोटार बांधावर चढली तर बांध खचतो आणि त्याने ओहोळात टाकलेली बाटली फुटून चिखलणी करणाऱ्याच्या पायात शिरते.

पाहुण्यांची संख्या संगणकाच्या साहाय्याने आटोक्यात ठेवता येते, हे सातारा जिल्ह्यातील कास पठारावर दिसून आले आहे. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली या पठाराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे खडकावर मातीचा थर अगदी पातळ असल्याने गर्दीच्या पायांखाली फुलझाडे टिकत नाहीत. म्हणून दिवसाला ३,००० माणसे अशी मर्यादा ठरवून आगाऊ नोंदणीची व्यवस्था करण्यात आली. येणाऱ्याने घरूनच दिवस निवडून शुल्क भरावयाचे. त्या दिवसाची संख्या भरली की नोंदणी आपोआप बंद. द्वारावर तपासणी करणे, मोटारी शिस्तीने लावणे, कचरा वेचणे ही कामे आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पाहतात व गावच्या तरुणांना हंगामी मजुरी मिळते.

कासच्या कामात एक चूकही झाली व ती सांगितली पाहिजे. गर्दी रोखण्यासाठी पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले. त्यायोगे गुरांचे चरणे थांबले, गवत माजले आणि फुले उणावली, अशी ओरड झाली. अखेर ते कुंपण काढावे लागले. यंत्र माणसे बिनचूक मोजते; पण गुरे कोठे चरावीत व कोठे नाहीत, हे गुराख्यालाच विचारावे लागते.

तामिळनाडूत उटी व कोडाईकनाल येथे जाणाऱ्या वाहनांना मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून ई-पास आवश्यक करण्यात आला. पुढे एप्रिल २०२५ पासून उन्हाळी हंगामाकरिता उटीस रोज ६,००० व शनिवार-रविवारी ८,००० वाहने अशी मर्यादा आली. स्थानिक रहिवाशांची वाहने यातून वगळली आहेत. आपल्याकडेही ही दक्षता पहिल्या दिवसापासून हवी. ज्याचे रान आहे, त्यालाच मोळी आणताना पास दाखवावा लागू नये!

मर्यादेची कल्पना डहाणूला नवी नाही. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला व उद्योगांच्या एकूण जागेवर बंधन घातले. शिवाय हा अनुसूचित क्षेत्राचा भाग असल्याने १९९६ च्या पेसा कायद्यान्वये ग्रामसभेस विशेष अधिकार आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही वन, वन्यजीव व जलस्रोत यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. तेव्हा संख्येचा आकडा जिल्ह्याच्या कार्यालयातून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तो ग्रामसभेत ठरावा, आणि जेथे वनजमिनीचा संबंध येईल तेथे वन विभागाशी विचारविनिमय व्हावा.

आकडा काढावा कसा? बांधाला, चराईला व गावच्या वाटेला न शिवता किती मोटारी उभ्या राहू शकतात, ते प्रत्यक्ष पाऊल टाकून मोजावे. पाणवठ्याची जागा आधीच वगळावी. लावणीच्या ऐन दिवसांत आकडा निम्म्यावर आणण्यासही हरकत नसावी. मगच क्यूआर कोड व मोबाइलवरील नोंदणीचा विचार करावा. जेथे मोबाइलला रेंज नसते तेथे नोंदणीची यादी आदल्या संध्याकाळी कागदावर उतरवून घ्यावी; शुल्काचा हिशेब दरमहा ग्रामसभेपुढे वाचावा.

पहिला हंगाम साध्या वहीवर काढला तरी चालेल. मोटारीचा क्रमांक, माणसे, येण्या-जाण्याची वेळ एवढ्या नोंदी पुरेत. मात्र ती वही पंचायतीच्या कपाटात न ठेवता ओहोळाच्या वाटेवर बसणाऱ्या तरुणाच्या हाती असावी.