कोकोच्या बागेतलं झाड कुणाचं?

घानाच्या कोको पट्ट्यात ओफ्राम, एमिरे, ओडुम अशी इमारती लाकडाची झाडं कोकोच्या डोक्यावर उभी असतात. (ओफ्राम आणि एमिरे ही आपल्या ऐन-अर्जुनाची भावंडं, वंश एकच, टर्मिनालिया.) एकाच शेतात सावली, लाकूड आणि कोको, ही कल्पना मोहात पाडणारी आहे. म्हणूनच तिच्याभोवती गैरसमजही बरेच.

‘कोको मूळचा ॲमेझॉनच्या जंगलातला, तेव्हा सावली जितकी दाट तितकी बरी.’ पहिलं खरं, दुसरं नाही. दाट सावलीत फळं कमी धरतात आणि दमट हवेत फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूने काळी पडून कुजतात. सुपारीवरचा कोळे रोग पाहिलेल्या बागायतदाराला हे कुळ परकं नाही. घानाच्या कोको संशोधन संस्थेची शिफारस हेक्टरी १५ ते १८ मोठ्या झाडांची आहे. ‘मग सावली हवीच कशाला?’ यालाही याच संस्थेच्या ताफो इथल्या दीर्घ प्रयोगाने उत्तर दिलं. सावलीची झाडं काढून खत दिलं तेव्हा उत्पादन भरघोस वाढलं, पण काही वर्षांनी झपाट्याने उतरलं.

‘झाड कुठलंही चालतं.’ नाही. पांढऱ्या सावरीत कोकोच्या खोडसूज रोगाचा विषाणू आसरा घेतो, आणि पिठ्या ढेकूण तो कोकोवर पोचवतो. या रोगावर औषध नाही. बाधित झाडं तोडावीच लागतात.

सगळ्यात मोठा गैरसमज वेगळाच: ‘इमारती झाड म्हणजे शेतकऱ्याची म्हातारपणाची ठेव.’

घानात आपोआप उगवलेलं इमारती झाड शेतकऱ्याचं नसतंच. १९६२ च्या कायद्याने ते विश्वस्त म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या ताब्यात आहे, आणि तोडीचा हक्क सरकार लाकूड कंपन्यांना देतं. १९९८ च्या नियमांत शेतकऱ्याची संमती आणि नुकसानभरपाई आली खरी, पण ती बऱ्याचदा कागदावरच राहिली. झाड आडवं होतं कोकोवर, पैसे जातात दुसरीकडे. मग कित्येक शेतकरी अशी रोपं लहानपणीच उपटतात, मोठ्या खोडाची साल गोल सोलून ते उभ्याउभ्या वाळवतात. त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे. मला तर त्यांचा हिशेब चोख वाटतो.

२००२ च्या कायदादुरुस्तीनंतर स्वतः लावलेल्या झाडावर कंपनीला हक्क मिळत नाही. पण वीस वर्षांनी, लावलेला ओफ्राम आणि उगवलेला ओफ्राम सारखेच दिसतात. म्हणून आता झाडांची नोंदणी करून घ्यावी लागते. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली मालकीचा सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे खरं. पण तिथे प्रश्न परवानगीचा आहे, मालकीचा नाही.

‘मोठं झाड पाडलं की खालचा कोको संपला’ ही भीतीही तपासली गेली आहे. कोस्टारिकाच्या तालामांका भागात कोकोवर लॉरेल नावाचं इमारती झाड असतं. तिथल्या अभ्यासात तोडीने कोकोचं झालेलं नुकसान लाकडाच्या किमतीपुढे थोडं भरलं. ती किंमत शेतकऱ्याच्या हाती येते. आपोआप उगवलेलं लॉरेलचं रोप तिथला शेतकरी बेणताना मुद्दाम राखतो.