व्यालेल्या गाई-म्हशीची लाल लघवी

गटातून कर्ज काढून घेतलेली म्हैस किंवा संकरित गाय नीट व्याली, दूधही भरपूर देऊ लागली आणि दोन-चार आठवड्यांत तिची लघवी लाल झाली, तर काय करायचं ते आज सांगतो.

लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल नाहीतर कोऱ्या चहासारखी काळपट होते. जनावर खाणं कमी करतं, दूध आटतं, शेण घट्ट पडतं, धाप लागते. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. आत गुलाबी न दिसता पांढरट दिसलं, तर रक्त फार कमी झालंय. उपचार मिळाला नाही तर तीन-चार दिवसांतही जनावर दगावू शकतं.

शरीरात फॉस्फरस कमी पडला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. दुधावाटे फॉस्फरस रोज बाहेर जातो, म्हणून जास्त दुधाच्या जनावराला धोका जास्त. म्हशीला तर गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांतही हे होतं. आपली जांभ्याची जमीन आंबट. ती फॉस्फरस धरून ठेवते, गवताला पुरेसा देत नाही. भाताच्या पेंढ्यात तो मुळातच कमी. पेंढ्याने पोट भरतं, तूट भरत नाही.

थोडी लघवी काचेच्या बाटलीत धरून तासभर न हलवता ठेवा. तांबडा गाळ तळाशी बसला तर रक्त मूत्रमार्गातून येत असेल. सगळी बाटली सारखीच लाल राहिली तर पेशी फुटल्यात. पण गोचीडतापातही अशीच लघवी होते. त्यात ताप बहुधा १०४ अंशांच्या वर जातो आणि औषधही वेगळं असतं. म्हणून बाटली डॉक्टरांना दाखवा, गोचीड दिसले असतील तर तेही सांगा. बाटली ठेवली तरी फोन आधी करा. दवाखाना लांब असेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावा.

डॉक्टर सोडियम ॲसिड फॉस्फेट शिरेतून देतात, पुढचे डोसही तेच ठरवतात. रक्त फारच उतरलं असेल तर निरोगी जनावराचं रक्त चढवावं लागतं. दुकानातली कॅल्शियमची बाटली पाजून बघू, असं म्हणत दिवस घालवू नका.

गाभणपणापासूनच रोज साधारण ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि गव्हाचा किंवा भाताचा कोंडा द्या. कोबीचा पाला भाराभर घालू नका, त्यानेही पेशी फुटतात. आणि मूठभर मीठ घातलं की झालं, असं काहीजणी म्हणतात. मिठात फॉस्फरस नसतो. खनिज मिश्रणाची पिशवी गटाने मिळून आणली तर प्रत्येकीला परवडते.